खिट्टीचे दोन गुण

शेरीफ कार्यालय, एल्डन काउंटी, ओहायो. दिनांक २२ ऑगस्ट २०२३, सकाळी ९ वाजून १० मिनिटे.

मी, हार्लन ऑगस्ट डीर्क्स, वय ७४ वर्षे, धंदा निवृत्त (पूर्वी शाळेच्या बसगाड्यांचा मेकॅनिक), राहणार मिल स्ट्रीट, पेनी क्रीक, समक्ष हजर राहून सांगतो की, मला कुणी बोलावलेलं नाही. मी आपण होऊन आलो आहे.

वरील पत्त्यावर मी एकटाच राहतो. जुन्या स्टेशन वॅगन बाळगणाऱ्यांचा आमचा क्लब आहे. एके काळी नव्वद सभासद होते, आता चौदा उरलेत आणि त्यातल्या दोघांचं लायसन्स मुलांनी काढून घेतलं आहे. एकवीस वर्षं मुख्य परीक्षक मीच आहे, कारण दुसरं कुणी तयार होत नाही.

लिहून घेणारे साहेब वयाने लहान आहेत, म्हणून परीक्षणाची रीत सांगतो. त्या काळी नवी गाडी घेताना गिऱ्हाईक कंपनीच्या फॉर्मवर खुणा करायचं. एसी हवा, छतावर सामानाचा कठडा हवा, मागे तोंड करून बसायची तिसरी सीट हवी. फॉर्मवर जे आहे ते गाडीत असलंच पाहिजे, आणि जे नाही ते असता कामा नये. जास्तीच्या वस्तूचे गुण कापतात. शंभरात पंच्याण्णव पडले की पितळी पाटी मिळते, तिच्यावर मूळ मालकाचं नाव कोरतात. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. शनिवारपासून मलाही वाटतो.

व्हर्लिन स्टकी, वय ७७, याला मी चव्वेचाळीस वर्षं ओळखतो. त्याच्याकडे १९७२ ची हिरवी वॅगन आहे. खरं तर ती त्याच्या बायकोची, नेड्राची. लग्न झालं त्या वर्षी टेलिफोन ऑफिसातल्या स्वतःच्या पगारातून तिने ती घेतली. फॉर्मवरच्या खुणा तिच्या हातच्या आहेत. घरात माणसं दोन आणि गाडी मागवली नऊ जणांची, यावरून व्हर्लिन तिला जन्मभर चिडवत आला. पुढे मूल एकच झालं, मुलगी जेनेल.

नेड्राला पाच वर्षांपासून विसरण्याचा आजार आहे. तिला त्या तिसऱ्या सीटवर बसायला आवडतं. तिथे ती शांत असते, मागे पडणारा रस्ता बघत बसते. दोन वर्षांपूर्वी सिग्नलला गाडी थांबलेली असताना आतली कडी ओढून ती रस्त्यात उतरली. त्यानंतर व्हर्लिनने मागच्या दाराला आतून वरच्या अंगाला एक खिट्टी बसवली. हार्डवेअरच्या दुकानात मिळते तसली, साधी. ती नेड्राला उघडता येत नसे. गेली दोन्ही वर्षं गाडीला ९४ गुण पडले. खिट्टीचे दोन गुण कापणारा मीच.

शनिवार, दिनांक १९ रोजी काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर क्लबचं शेवटचं प्रदर्शन होतं. सुमारे ११ वाजून २० मिनिटांनी मी व्हर्लिनच्या गाडीपाशी गेलो. आमचं बोलणं असं झालं.

मी म्हणालो, "यंदा शेवटचं वर्ष. ती खिट्टी काढ ना बाबा. एका दमडीच्या खिट्टीपायी पाटी घालवतोस."

तो म्हणाला, "आणि ही उतरली तर?"

"उतरून जाते कुठे? चारी बाजूंना आपलीच माणसं. काढ, मी कागद भरतो, मग लाव परत. तिला स्वतःचं नाव वाचता येतंय तोवर पाटी मिळू दे की."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती काचेला टेकून सँडविच खात होती. मग मी माझ्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्या हातात दिला. त्याने चारही स्क्रू काढले. मागे भोकं राहिली, ती मला दिसली नाहीत असं मी धरलं आणि कागदावर ९६ लिहिले. वेळ ११ वाजून ३५ मिनिटे.

तो खिट्टी लगेच परत लावायला निघाला होता. तेवढ्यात पलीकडच्या रांगेत ड्वेन प्रिंगल या दुसऱ्या सभासदाशी माझी जुंपली. त्याच्या गाडीच्या छताच्या मागच्या कडेला वारा वळवणारी पट्टी आहे. ती कारखान्यातूनच आली असं तो म्हणत होता आणि ती विक्रेत्याने नंतर ठोकली असं मी म्हणत होतो.

ड्वेन म्हणाला, "हार्लन, तू बस दुरुस्त केल्यास रे जन्मभर. वॅगनमधलं तुला काय कळतं?"

मी म्हणालो, "तुझ्या पट्टीचे स्क्रू बघ कसे चमकतायत! म्हणे पन्नास वर्षांपूर्वीचे!"

"तुझ्या डोक्यावरचे केस तरी कारखान्यातले आहेत का?"

लोक हसले. मी केसांचा टोप घालतो. मला राग आला आणि मी व्हर्लिनला हाक मारली, कारण तो तीस वर्षं विक्रेत्याकडे सुट्या भागांच्या काउंटरवर होता. "अरे ये इकडे, दोन मिनिटं. सांग या शहाण्याला."

तो आला. त्याने जे असेल ते नीट सांगितलं, पण ड्वेन ऐकेना आणि मीही ऐकेना. व्हर्लिन दोनदा जायला निघाला. दोन्ही वेळा मी त्याची बाही धरली. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "सोड रे, ती एकटी आहे." मी म्हणालो, "अरे जाते कुठे ती?" आम्ही उभे होतो तिथून त्याच्या गाडीचं मागचं दार दिसत नव्हतं. ते मक्याच्या शेताकडे होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. त्या दिवशी ते असतं हे कळलं. १२ वाजून १५ मिनिटांनी तो परत गेला तेव्हा दार उघडं होतं आणि सीट रिकामी होती.

पुढचं सर्व आपल्या दप्तरी आहे. दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी दीड मैलावर, शेताच्या पाण्याच्या चरात ती सापडली. पारा नव्वद फॅरनहाइटच्या वर होता. एका पायात बूट नव्हता आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. तिला पहिल्यांदा पाहणाऱ्या डेप्युटींना तिने विचारलं, "गाडी मागे घेतोय का तो?" शोधणाऱ्यांत मीही होतो, हे मी स्वतः ऐकलं.

त्याच दिवशी सायंकाळी ६ च्या सुमारास जेनेल सिनसिनाटीहून इस्पितळात आली. तिने वडिलांना विचारलं, "डॅड, खिट्टी कुणी काढली?"

"मी."

"का?"

"गुणांसाठी."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही गं. माझीच अक्कल."

मी कॉफीच्या यंत्रापाशी, त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जेनेल म्हणाली की तिने कोर्टात अर्ज करायचं ठरवलं आहे, आईला आता तुमच्याकडे ठेवायचं नाही. तो म्हणाला, "ठीक आहे." मी कॉफी घेतली, घरी गेलो आणि जेवलो. रविवारी आणि सोमवारीही मी कुणाला काही सांगितलं नाही. लाज वाटली, दुसरं कारण नाही. अर्जाची सुनावणी येत्या शुक्रवारी आहे असं मला समजलं.

व्हर्लिन स्टकी पत्नीला सांभाळायला लायक आहे का, असं विचारल्यावरून सांगतो की, ते ठरवणारा मी कोण? तो तिला आंघोळ घालतो, केस विंचरतो, गोळ्या कुस्करून सफरचंदाच्या गरातून देतो. पाच वर्षांत तिचं एक बटण चुकीच्या काजात मी पाहिलेलं नाही. त्या दिवशी तो जायला निघाला होता. त्याला जाऊ दिलं नाही. मला हे शुक्रवारच्या आत कागदावर हवं आहे.

हा जबाब साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम आणि खरा आहे. फक्त एका ओळीत "मित्राच्या सांगण्यावरून खिट्टी काढली" असं उतरवलं होतं. तिथे मी माझं पूर्ण नाव लिहायला लावलं आहे.

सही,
हार्लन ऑगस्ट डीर्क्स