वांग्याच्या रंगाआधी

आबांनो, अक्कांनो, भट्टीसमोर उन्हात येऊन बसलात, सगळ्यांना हात जोडते. बोलायला उभी राहिले खरी, पण माझ्या वडिलांना, नानांना, ‘होते’ म्हणायला जीभ वळत नाही.

सोनगीरच्या या गल्लीत नानांनी किती विळे घडवले, ते तुमच्या हातांना माहीत आहे. घण माय मारायची. नाना लहान हातोडीने जागा दाखवायचे, माय तिथेच घण घालायची. नानांची हातोडी नुसत्या ऐरणीवर एकदा वाजली की माय थांबायची. मी भाता ओढायचे. मी पदवीधर झाले तेव्हा शेजारचे बापू म्हणाले, “नाना, आते इळाले बी सर्टिफिकेट देशी का?” नाना म्हणाले, “देसू ना. सही धारवर करसू.”

पण धार येते पाण्याने. तापलेल्या विळ्याची कड पाण्यात बुडवायची, काढून घासायची. मग कडेवर रंग सरकत येतात. आधी पिकल्या गव्हाचा, मग वांग्याचा. त्या दोन्हींच्या मधे पुन्हा बुडवायचं. घाई केली तर विळा तुटतो. उशीर केला तर वाकतो.

नानांनी मला तो रंग दाखवला होता. गेल्या महिन्यात, इथेच. “दखायनं का, बेटा?”

मी म्हणाले, “हो नाना.”

मी पाहत नव्हते. मी मोबाईलवर शूटिंग करत होते. वाटलं, कला जपून ठेवते आहे. शिकलेली मुलगी ना मी.

परवा तेरावं झालं. काल आम्ही दोघींनी भट्टी पेटवली. माय म्हणाली, “तुले दखाडं व्हतं ना? मंग सांग.” मी मोबाईल काढला. त्यात भट्टीचा नुसता पांढरा उजेड आहे. गहू नाही, वांगं नाही. नानांचा आवाज आहे, आणि माझा ‘हो’ आहे.

पहिला विळा तुटला. दुसरा वाकला. तिसराही वाकला. माय घण धरून उभी राहिली. मी तिला काय सांगू? तुमच्यापैकी कुणी पाहिलाय तो रंग? कुणीतरी, विळा न्यायला आल्यावर, सहज, वाकून?

कुणीच नाही.

बापू म्हणतात, ऐरण भंगारात दे. देणार नाही. कितीही विळे तुटोत. पण खोटं ‘हो’ मी पुन्हा कुणाला म्हणणार नाही.

आता नानांची हातोडी ऐरणीवर एकदा वाजवते. आमच्या घरात त्याचा अर्थ, थांबा. माय, तूही ऊठ. सगळे उभे राहा, आणि थोडा वेळ कुणी काही बोलू नका.