मढ्याचं काम

माजं नाव धोंडू. माज्या आधीची दोन गेली म्हनून आयनं हे नाव ठेवलं, दगडाला कोन कशाला उचलून न्हेतंय असा तिचा हिशेब. कुरवंडे गावाच्या वर आमची वाडी, पंधरा-वीस घरं, आन खाली दरी. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात कड्यावरचं मध, बाकी दिवस लोनावळ्याला बंगल्यांवर मजुरी. मी सात-आठ वर्सांचा असताना बानं मला कड्यावर न्हेलं आन पयली गोष्ट शिकवली ती ही, की माशी तोंडावर बसली तर हलायचं न्हाई. डोळ्यावर बसली तरी न्हाई, नाकात शिरली तरी न्हाई. हललास की मेलास. आता मास्तर, तुमी मला सिनिमाचं इचारताय आन मी माश्यांचं सांगतोय, पन सिनिमा त्याच्यातनंच निगाला.

लोनावळ्याला मुंबईचे सिनिमावाले यायचे तवा. एकदा लढाईचं शूटिंग व्हतं, आमा मजुरांना मेलेले शिपाई म्हनून उनात पाडलं. बाकीचे खाजवायचे, खोकायचे, एक तर घोरायला लागला. माज्या पापनीवर माशी चालत गेली, मी गप. डायरेक्टर साहेब वाकून बगत ऱ्हायला, मंग म्हनला, ह्याला सोडू नका, ह्याच्याइतकं चांगलं मरनारा मुंबईत न्हाई. झालं. तितनं पुढं कुटंबी मढं लागलं की जीप वाडीखाली यायची आन हॉर्न वाजवायची. दरोडेखोर मेला, मी. सावकार बुडाला, मी. हिरोचा बाप सुरवातीलाच मेला, त्यो बी मीच. कितीक सिनिमे केले पन एक शबुद बोललो न्हाई, कारन गोष्ट मी मेल्यावर सुरू व्हायची. एकदा हिरोनं माज्या छातीवर पाय ठेवून लय मोठं भाषान क्येलं, मधी ईसरला, पुन्ना क्येलं, पुन्ना ईसरला. नंतर लय येळ सगळं शांत झालं. मला वाटलं ह्यो आठवतोय. डोळा उघडून बगतो तर समदे जेवायला गेलेले. मला कोनी सांगितलंच न्हाई.

ह्ये हसायचं झालं. आता दुसरं सांगतो.

एका सिनिमात पुरं मर्तिक व्हतं, तिरडी, मडकं, पिंड, सगळं. शूटिंग आमच्याच कड्याखाली, म्हनून डायरेक्टर म्हनला, ह्याची भावकीच आना, त्यांना शिकवायला लागनार न्हाई. मडकं धरनारा नट मुंबईचा, तिसऱ्या फेरीला मडकं मागं टाकायचं त्येनं पुढं टाकलं, सवताच्याच पायावर. मंग माजा धाकटा भाऊ मारुती पुढं झाला. कोनी बोलवायच्या आदीच झाला. ईधवा व्हनारी नटी उनानं चक्कर येऊन गाडीत पडलेली. तर म्हनले, ह्याची बायकू हाये की हितं. चिमा माजी भाकरी घेऊन आलती. तिला बसवली तिरडीपाशी, हातात प्रॉडक्शनवाल्यानं हिरव्या बांगड्या भरल्या आन म्हनला, बाई, इशारा झाला की दगडावर फोडायच्या आन रडायचं.

पयल्या टेकला तिनं सवताच्या व्हत्या त्यांच्यासकट सगळ्या बांगड्या फोडल्या आन माजा खांदा धरून गदागदा हलवायला लागली, उठा वं, उठा. कट. डायरेक्टर वरडला, बाईला सांगा मढं हलवू नको म्हनून. पुन्ना बांगड्या भरल्या. दुसऱ्या टेकला ती रडलीच न्हाई, नुस्ती बगत बसली. पुन्ना भरल्या. तिसऱ्याला जमलं. अशी रडली की क्यामेरावालाबी डोळं पुसत व्हता. मी मेलेलो, मला काय करता येतंय. झाल्यावर बांगड्यांची पिशवी रिकामी झालती, प्रॉडक्शनवाला जीपमधी बसून गेला बी. चिमा भुंड्या हातानं वाडीतनं घरी गेली. पान्यावर बाया व्हत्या, त्यांनी बगितलं.

आन पिंड. कावळा यावा म्हनून त्यांनी भाताच्या आत जेवनातलं मटन दाबलं व्हतं, मी डोळ्यांनी बगितलं. कावळा काय, लगीच आला. माजी त्या टायमाला एकच इच्छा व्हती, चा प्यायची, ती बी ऱ्हायलेली, तरी शिवला.

दहा-अकरा वर्सं काई न्हाई. माज्या पोरीचं, काशीचं लगीन उर्से गावच्या घरात ठरलं, सुपारी फुटली. आन एका रविवारी माजा व्याही तळेगावला ज्या साहेबाच्या बागेत काम करायचा, तितं खिडकीतनं टेलिव्हिजन बगत उभा. त्योच सिनिमा लागला. पंधरा दिवसांमागं ज्याच्या घरी गूळ खाऊन गेला त्यो मानूस तिरडीवर, त्याची बायकू बांगड्या फोडतीया, भाऊ मडकं धरतोय, आन कावळा शिवतोय.

दुसऱ्या दिशी वाडीत हजर. म्हनला, मुलगी सोन्यावानी हाये, करतो. पन मेलेल्या मानसाच्या हातनं कन्यादान घेनार न्हाई.

भावकी बसली. सखाराम आबा आमच्यातला वडीलधारा, त्यो म्हनला, धोंडू, आमी काय तुला मेला म्हनत न्हाई. पन सग्या भावाचं मडकं फिरलं, सग्या बायकूनं बांगड्या फोडल्या, कावळाबी शिवला. आता ह्याच्यावर काय ऱ्हायलं, सांग. म्या सांगितलं, आबा, पिंडात मटन व्हतं. आबा म्हनला, आरं आरं, म्हंजी ते बी बाटवलं! मी म्हनलं, आबा, मंग मी हितं बसून बोलतोय कोन? त्यो म्हनला, त्येच तर अवघड झालंय.

आयुष्यात पयल्यांदा मला बोलायचं काम मिळालं व्हतं आन त्यात मी पडलो. सोयरीक मोडली असती तर काशीला पुन्ना कोन इचारनार, मेलेल्याची पोर म्हनून? मी मान हलवली. मारुती म्हनला, दादा, कन्यादानाला माजी तयारी हाये. त्याची तयारी लय लवकर व्हती. मडक्याच्या येळंला बी अशीच झालती.

लग्नाच्या दिशी मारुती आन त्याची बायकू पाटावर बसली. मला म्हनला, दादा, तू गोठ्याकडं पडून ऱ्हा, हलू नको, पाव्हन्यांच्या नदरंला पडू नको. म्हंजी शेवटी त्येच काम. चिमा गवताच्या गंजीमागं मुठीत अक्षता धरून उभी. मंगलाष्टकं झाली तशी तिनं तितनंच फेकल्या. म्हशीवर पडल्या. काशी जाताना मारुतीच्या गळ्यात पडून रडली. आमच्याकडं बगितलं, पन व्याही संगं व्हता.

चिमा गेली त्याला दोन वर्सं झाली. तापानं गेली. सवाष्न गेली म्हनून मी हिरवं लुगडं आनलं, तर बाया एकमेकींकडं बगाय लागल्या. एक म्हनली, हिचा चुडा तर कवाच फुटला. कोनी हात लावंना. मी लोनावळ्याच्या बाजारातनं बांगड्या आनल्या आन सवता भरायला बसलो. हात वळंना. कडक झालता, बोटं मिटलेली. दोन बांगड्या तितंच फुटल्या. तवा मला कळलं मास्तर, मेल्याचा हात असा आसतो. मी हात कायम सैल सोडायचो, तिरडीवरनं लोंबायचा, लोकं वा वा म्हनायची. जल्मभर चुकीचं मेलो आन एकाबी डायरेक्टरला कळलं न्हाई. दीड तास लागला, पन चुडा भरला.

आता जीप येत न्हाई. काशी म्हायेरपनाला येती ती मारुतीच्या घरी, तिचं म्हायेर आता तितं. तिची सुमी चार वर्सांची, ती मातर अंगन वलांडून माज्याकडं पळत येती आन म्हनती, थोरल्या आज्या, मरून दाखीव. मी बाजेवर पडतो. आता बरोबर मरतो, हात कडक, मूठ मिटलेली. आदी हसती, टाळ्या वाजवती. मंग बोटं उघडाय बगती, उघडत न्हाईत, तशी घाबरती आन खांदा धरून गदागदा हलवती, ऊठ रं आज्या, ऊठ.

चिमानंतर असं म्हननारी ही दुसरी. देव तिला लय आयुष्य देवो. मी जरा येळ तसाच पडून ऱ्हातो, मास्तर. तिनं आनखी एकदा म्हनावं म्हनून.