न वाचलेलं दुसरं नाव

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या गोदामाय सर्वेक्षण संस्थेचे संचालक आदरणीय सिद्धलिंग सर, लातूरहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे प्राचार्य व्यंकटराव सर, आजचे सत्कारमूर्ती फारूक सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या बेगमबी भाभी, सूत्रसंचालन करणारी माझी मैत्रीण बुशरा, आणि नांदेडच्या मे महिन्यात पंखे बंद असतानाही जागेवर बसून राहिलेल्या तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी बुद्धप्रिया. संस्थेत प्रश्नावली तयार करणं आणि आलेली उत्तरं मोजणं हे माझं काम. भाषण हे माझं काम नाही. बुशरानं मला पाच मिनिटं दिली आहेत. मला त्याहून जास्त लागतील, हे आधीच सांगते.

मघाशी वाचलेल्या मानपत्रात सरांची एकतीस वर्षं आली. शेवटचे चौदा महिने आले नाहीत. त्या चौदा महिन्यांत सर क्षेत्रप्रमुख, म्हणजे लोकांना प्रश्न विचारणाऱ्या मुलींचे प्रमुख, नव्हते. तळमजल्यावरच्या खोलीत ते जुन्या फॉर्मांची कपाटं लावत होते. त्यांच्या सेवापुस्तकात एक ओळ आहे : ‘नगराध्यक्ष सर्वेक्षणात क्षेत्रकामाची गंभीर त्रुटी.’ ती ओळ चुकीची आहे. सरांचा गौरव करायला इथं माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्या ओळीबद्दल बोलणार आहे.

आधी एक आठवण, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. मी पुण्यातून संख्याशास्त्राची पदवी घेऊन इथं आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सर मला इस्लापूरला घेऊन गेले. एका घरी मी प्रश्न विचारला. समोरचे गृहस्थ गप्प. मी लगेच तोच प्रश्न सोप्या शब्दांत विचारला, मग आणखी सोप्या शब्दांत. बाहेर आल्यावर सर म्हणाले, “बेटा, विचारलं की थांबायचं. तो माणूस आतून उत्तर घेऊन येऊन राहिला होता. तू त्याला तीनदा दारातून परत पाठवलं.” मी ते वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलेलं सगळं माणूस वापरतो का? असो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये एका पक्षानं आमच्याकडे काम दिलं. गावाचं नाव घेत नाही, तिथली माणसं सभागृहात आहेत. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा होता. विद्यमान नगराध्यक्ष ज्ञानोबाराव पुन्हा उभे राहणार, हे लहान मुलांनाही माहीत होतं. त्यांच्यासमोर या पक्षाकडून रेणुकाताई इच्छुक होत्या. बावीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षक. पक्षाला एवढंच हवं होतं, की रेणुकाताईंना ‘तयारीला लागा’ म्हणायचं की नाही. आपल्याकडे ‘तयारीला लागा’ हे दोन शब्द म्हणजे निम्मी उमेदवारी. ते ऐकू आले नाहीत, तर माणूस घरी बसतो.

निवडणुकीची तारीख ठरलेली नव्हती. पद खुलं राहील की आरक्षित, हेही ठरलेलं नव्हतं. तरीही थेट सामना लावायचा होता : एकास एक, कोण किती. फारूक सरांनी तेव्हाच सिद्धलिंग सरांना सांगितलं होतं, “इतक्या आधी विचारलं तर लोकं वळख सांगतात, मत न्हाई. ज्ञानोबारावाचा फोटो चौकाचौकात हाय. रेणुकाताईला वळखतात त्या पोरी, आन त्या सासरी गेल्या.” सिद्धलिंग सर म्हणाले, “फारूकभाई, गिऱ्हाईक भाव विचारतंय, तुम्ही पीक कधी येईल ते सांगताय.” आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

प्रश्नावली मी केली. वरच्या मजल्यावर पाच मुली हेडफोन लावून बसल्या, त्यांत बुशरा होती. सहाशे बारा लोकांशी बोलणं झालं. ज्ञानोबारावांना तीनशे तीस, रेणुकाताईंना एकशे पासष्ट, सांगता येत नाही म्हणणारे एकशे सतरा. म्हणजे चोपन्न टक्के विरुद्ध सत्तावीस. बरोबर दुप्पट. मी शनिवारी अहवाल पाठवला. त्यात ‘निवडून येण्याची क्षमता’ असं शीर्षक दिलं आणि खाली लिहिलं, ‘कमी’. पक्षाची बैठक पुढच्या शुक्रवारी होती.

मंगळवारी फारूक सर माझ्या टेबलाशी आले. त्यांनी काही कॉल ऐकले होते. त्यातला एक त्यांनी मला ऐकवला. पलीकडे सरजाबाई नावाच्या आजी होत्या. तो कॉल जसाच्या तसा सांगते.

बुशरा विचारते, “आजी, नगराध्यक्ष निवडायला एका बाजूनं ज्ञानोबाराव...”

आजी म्हणतात, “हाव.”

बुशरा म्हणते, “बरं. तुमच्या घरी नळाला रोज पाणी येतं का?”

आजी म्हणतात, “आगं, पाण्याचं राहू दे! दुसऱ्या बाजूनं कोन हाय ते सांग की!”

बुशरा म्हणते, “आजी, तो प्रश्न झाला.”

आजी म्हणतात, “झाला? म्या कधी सांगितलं?”

आत्ता तुम्ही हसलात. मी त्या मंगळवारी हसले नाही, कारण मला लगेच कळलं. बुशराचं काही चुकलं नव्हतं. माझ्या सूचनापत्रकात तिसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं : ‘होकार मिळताच नोंदवा व पुढील प्रश्नाकडे जा.’ कॉल चार मिनिटांच्या आत संपावा, म्हणून. आणि नावांचा क्रम दर कॉलला बदलायचा असतो, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मी तो बदलला नाही. पदावर असलेल्या माणसाचं नाव मानानं आधी, असं ठेवलं. सहाशे बारा वेळा ज्ञानोबारावच आधी.

फारूक सर एवढंच म्हणाले, “बेटा, हे ‘हाव’ होकाराचं न्हाई. ती बाई ऐकून राहिली, म्हणून हाव म्हणून राहिली. न म्हणली तर तुला वाटेल, फोन कटला.”

मी लातूरची आहे. माझी आई फोनवर दर वाक्याला ‘हाव’ म्हणते. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

गुरुवारपर्यंत मी ते तीनशे तीस कॉल स्वतः ऐकले. त्यातल्या एकशे अठरा कॉलमध्ये दुसरं नाव वाचलंच गेलं नव्हतं. ते वजा केले तर ज्ञानोबाराव दोनशे बारा, रेणुकाताई एकशे पासष्ट. अंतर सत्तेचाळीसचं, आणि ज्यांना पूर्ण प्रश्न विचारलाच नाही असे एकशे अठरा. याचा अर्थ रेणुकाताई पुढे होत्या, असा होत नाही. याचा अर्थ एवढाच, की आम्हाला काही माहीत नव्हतं आणि आम्ही माहीत असल्यासारखं लिहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी मी आणि फारूक सर संचालकांच्या खोलीत गेलो. मी आकडे सांगितले. सिद्धलिंग सरांनी रास्त प्रश्न विचारला, “चूक कुणाची?”

मी म्हणाले, “क्षेत्रकामाची.”

हे वाक्य खोटं ठरवणं अवघड आहे. फोन करणं हे आमच्याकडे क्षेत्रकामातच मोडतं. म्हणून तर मी ते वाक्य निवडलं. फारूक सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि संचालकांना म्हणाले, “पोरी माझ्या हायेत. जिम्मेदारी माझी.” मी काहीच बोलले नाही. मला तेव्हा इथं नोकरीला लागून सात महिने झाले होते. हे कारण आहे. याला कोणी समर्थन समजू नये.

दुरुस्तीचं पत्र दुपारी गेलं. बैठक सकाळीच उरकली होती. तयारीला लागायला दुसऱ्याच कोणाला सांगितलं गेलं. त्या उमेदवाराचं पुढे काय झालं, हे मी इथं सांगणार नाही. ते जिंकले असले तरी रेणुकाताई हरल्या असत्या हे सिद्ध होत नाही, आणि ते हरले असले तरी रेणुकाताई जिंकल्या असत्या हे सिद्ध होत नाही. जे झालंच नाही, ते मोजता येत नाही.

त्या पाच मुलींना दोन महिने घरी बसवलं आणि त्यांच्या फायलीत शेरा मारला. सरांना खाली पाठवलं. नव्या मुलींना शिकवायचं काम त्यांच्याकडे येणार होतं, ते आलं नाही.

एक गोष्ट सरांनी कोणाला सांगितली नाही, मला ती रेणुकाताईंकडूनच कळली. त्या शनिवारी सर एकटे बसनं त्यांच्या घरी गेले आणि झालेलं सगळं सांगून आले. ताई त्यांना म्हणाल्या, “सर, लोकांनी पाडलं असतं तर मी गप बसले असते. तुमच्या टेलिफोननं पाडलं व्हय मला?” सर म्हणाले, “हाव ताई, आमच्या टेलिफोननं.” मग ताईंनी त्यांना जेवायला वाढलं. जेवताना ताईंनी विचारलं, प्रश्न कोणी लिहिला होता? सरांनी वरणाची तारीफ केली.

रेणुकाताई आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. सरांनी बोलावलं म्हणून आल्या आहेत. ताई, प्रश्न मी लिहिला होता.

सर, तुम्ही उठू नका. हात करून मला बसवूही नका. आज तुम्हाला जिम्मेदारी घेता येणार नाही, तुमची सेवा काल संध्याकाळी सहाला संपली.

व्यासपीठावर येताना मी संचालकांच्या हातात एक लिफाफा दिला. त्यात मूळ प्रश्नावली आहे, माझ्या सहीचं सूचनापत्रक आहे, एकशे अठरा कॉलची यादी आहे आणि एक अर्ज आहे. सरांच्या सेवापुस्तकातली ती ओळ खोडून माझ्या सेवापुस्तकात, माझ्या नावानं लिहावी, अशी विनंती आहे. पाचही मुलींच्या फायलीतला शेरा काढावा, हीसुद्धा. सिद्धलिंग सर, निर्णय तुमचा. मी तो सभागृहासमोर मागितला, हे नियमाला धरून नाही, याची मला कल्पना आहे. बंद खोलीत मी एकदा बोलून पाहिलं आहे.

हा समारंभ घडवून आणणाऱ्या सहकाऱ्यांचे, आलेल्या पाहुण्यांचे आणि ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार मानते. बोलण्यात कुठं कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर ते आपण मोठ्या मनानं पदरात घ्यावं. चौदा महिने जे बोलायचं राहिलं, ते मात्र पदरात घेण्यासारखं नाही. त्याची माफी मी फारूक सरांकडे, या पाच जणींकडे आणि रेणुकाताईंकडे मागते. उत्तर आज द्यायलाच पाहिजे असं नाही. मी थांबते.