गरम प्लग, थंड प्लग

(घराच्या तळमजल्यावरचं दुकान. इथे मॉडेल विमानं दुरुस्त होतात. टेबलाला एक मुठीएवढं इंजिन आवळलेलं आहे.)

सासरे : पुन्हा मेलं?

जावई : मेलं. प्लगला बॅटरी लावलेली असते तोवर गुणी बाळासारखं चालतं. बॅटरी काढली की मान टाकतं. इतके दिवस हेच चाललंय, बाबा.

सासरे : इंधनाची सुई थोडी आवळा. इंधन जास्त जात असेल.

जावई : आवळून आवळून माझी बोटं वाकडी झाली. आज संध्याकाळपर्यंत त्या नोकरीचं हो की नाही ते कारखान्याला कळवायचंय, आणि तुमची अट आपली तीच.

सासरे : अट साधी आहे, जावईबापू. हे इंजिन टाकीभर न थांबता चालवा आणि बायकोला घेऊन खुशाल जा. विमानाच्या कारखान्यात इंजिनं तपासायला निघालात, आणि एवढंसं हे तुमचं ऐकेना! तिथे काय दिवे लावणार?

जावई : आता मी प्लगच काढून बघतो.

सासरे : अं हं! प्लगला हात लावायचा नाही असं ठरलंय. तो मी स्वतः निवडलाय.

जावई : घरजावयाला सगळं निवडूनच मिळतं हो. खोली तुम्ही निवडलेली, कपाटातला कप्पा तुम्ही दिलेला, चपला काढायची जागासुद्धा तुम्ही दाखवलेली. तो पाना द्या इकडे.

सासरे : अहो, ऐका तरी...

जावई : निघाला. भिंग कुठाय? हां... बाबा, हा थंड प्लग आहे.

सासरे : काहीतरीच काय!

जावई : डोक्यावरचं अक्षर वाचा. आपल्या इंधनात भडका वाढवणारं नायट्रो जेमतेम. त्याला गरम प्लगच लागतो, बॅटरी काढल्यावरही आतली तार लाल राहायला हवी ना? थंड लावला तर विझणारच. गिऱ्हाइकांना तुम्हीच तर हे शिकवता!

सासरे : मी गरमच बसवला होता. शप्पथ.

जावई : मग काय त्याला पाय फुटले? मला नुसतं खेळवलंत. लेकीला पाठवायचं नाही तर तसं तोंडावर सांगायचं होतंत! कोंडून घातल्यासारखं झालंय मला या घरात. श्वास घ्यायचा तरी तुम्हाला विचारून.

सासरे : द्या बघू तो इकडे. अरेच्चा, आटे तेलकट कसे?

जावई : म्हणजे?

सासरे : मी प्लग कोरडाच बसवतो. आट्यांना तेलाचं बोट लावायची सवय तर... काही नाही. मीच लावला असेल. म्हातारा झालो. हो, मीच लावला. घाला शिव्या.

जावई : थांबा. तेलाचं बोट लावून प्लग बसवणारं या घरात एकच माणूस आहे.

सासरे : मी म्हटलं ना, मीच!

लेक : काय आरडाओरडा चाललाय दोघांचा? वरपर्यंत ऐकू येतंय.

जावई : बरी आलीस. हा प्लग कोणी बदलला?

सासरे : बाळ, तू वर जा.

लेक : नको, बाबा. मी बदलला. बाबांनी अट घातली त्याच दिवशी, हे आंघोळीला गेले होते तेव्हा.

जावई : अगं, मग सांगायचं ना, मला यायचं नाही म्हणून!

लेक : सांगितलं असतं तर तू थांबला असतास. आणि जन्मभर ऐकवलं असतंस. इंजिनच चाललं नसतं, तर कुणाच्या नावाने बोटं मोडायची वेळ आली नसती.

जावई : तिथे तुला काय कमी पडणार होतं? घर मिळतंय, पगार चांगला...

लेक : इथे गिऱ्हाईक आत आलं की आधी मला शोधतं. तू असलास तरी, बाबा असले तरी. तिथे मी काय करू? तुझी वाट बघत खिडकीत बसू? इथे तू कोंडलायस, तिथे मी कोंडले असते. मला भीती वाटली रे.

सासरे : माझी अट गेली खड्ड्यात. तुमचं तुम्ही ठरवा.

जावई : आता ठरवायला शिल्लक काय ठेवलंय? गरम प्लग दे.

लेक : कशाला?

जावई : निदान हे तरी चालू दे.

लेक : हा घे, नवा आहे. थांब, तेल लावते.

जावई : लाव. बॅटरी जोडली. बाबा, पंख्याच्या पात्यापासून हात लांब ठेवा, फिरवतोय.

सासरे : पेटलं, पेटलं! आता काढा बॅटरी.

जावई : काढली.

सासरे : वा रे पठ्ठ्या! बघा कसं गातंय!

जावई : मला जायचं होतं गं.

लेक : काय? मोठ्याने बोल, काही ऐकू येत नाहीये!

जावई : सुरेख चाललंय, म्हटलं!