पाचवी वही माझ्याकडे होती

जयभीम. सर्वांना जयभीम. आणि नानिकभाई, तुम्ही कॅम्प दोनचं तुमचं वह्या-कागदांचं दुकान बंद ठेवून आलात, तुम्हालाही मनापासून नमस्कार.

माईक जरा खाली घेतो. आजच्या शोकसभेत माझ्या आधीचे वक्ते फार छान बोलले. गौतमीताईंची एकतीस वर्षांची नर्सची नोकरी, त्यांचा शिस्तीचा स्वभाव, सगळं आलं त्यात. मला तसं बोलता येत नाही. मी शहाडला कंपनीत फिटर. मशीन बंद पडलं तरच लोक माझं ऐकतात. स्तुती करायला मी उभाच नाही राहिलो, मंडळी. मला एक कबुली द्यायचीय. आणि ताईंना एक अभिप्राय द्यायचा राहून गेलाय, तो द्यायचाय. तो आज दिला नाही, तर मला पुन्हा या विहाराची पायरी चढवणार नाही.

देशावरून आलेल्या पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. या विहाराच्या मागच्या खोलीत दोन लोखंडी कपाटं आहेत. ती आमची बेलवलीची लायब्ररी. ताई दर रविवारी दुपारी तिथे बसायच्या. फी नाही, डिपॉझिट नाही. नियम एकच. पुस्तक परत करताना मागच्या कोऱ्या पानावर अभिप्राय लिहायचा, नाव न घालता. अभिप्राय नाही तर पुढचं पुस्तक नाही. कोणी नुसतं ‘छान आहे’ लिहिलं की ताई पुस्तक परत त्याच्या हातात ठेवायच्या. “छान तर पोहेपण असतात. काय छान, ते लिहा.” नाव नसलं तरी अक्षरावरून कोणाचं काय, ते सगळ्यांना कळायचंच. तरी आम्ही एकमेकांना न कळल्यासारखं दाखवायचो.

तर चारेक वर्षांपूर्वी एका रविवारी ताईंनी एक दोनशे पानी वही आणली. वर लिहिलं होतं, ‘झोपेची तिजोरी. वही पहिली.’ म्हणाल्या, “एक लेखक आहेत बाहेरगावचे. छापायला कोणी घेत नाही. अक्षर किचकट आहे, म्हणून मी उतरवून काढते. पोरांसाठी आहे. मोठ्यांनी वाचली तर त्यांची हरकत नाही.”

एकच प्रत. ती हातोहात फिरली.

काय होती ती गोष्ट! नदीकाठचं एक गाव. तिथला राजा लोकांची झोप काढून घेतो आणि डोंगराच्या पोटात एका तिजोरीत ठेवतो. काचेच्या बरण्यांमध्ये. तान्ह्या पोरांची झोप पांढरी, दाट, बरणीच्या झाकणाला चिकटलेली. म्हाताऱ्यांची झोप हलकी, बरणी हलवली की आत वर-खाली तरंगणारी. कोणाच्या झोपेत भाताची शेतं, कोणाच्या झोपेत मेलेली आई अजून भाकरी थापतेय. आणि गावात सगळे जागे. डोळे उघडे ठेवून चालतात, जेवतात, लग्नं करतात. नदीसुद्धा जागी. मग पाच पोरं ठरवतात, तिजोरी फोडायची. त्यांची म्होरकी चिंगी, बारा वर्षांची, कुलूप हाताला लागलं की त्याच्या मनातलं ओळखणारी.

मंडळी, त्या दिवसांत दुपारी लोडशेडिंग असायचं. पंखा बंद. त्या खोलीत आम्ही सात-आठ जण भिंतीला टेकून कोणी पुस्तक, कोणी वही वाचत बसलेलो. वाचता वाचता कोणाचा तरी डोळा लागायचा. ताई त्याला उठवायच्या नाहीत. त्याच्या मांडीवरची वही अलगद उचलून दुसऱ्याला द्यायच्या. मला अजून ती खोली दिसते. उन्हाची तिरीप, त्यात तरंगणारी धूळ, आणि पानं उलटण्याचा आवाज.

आणि अभिप्राय तर विचारू नका. लायब्ररीतली आमची पल्लवी तेव्हा आठवीत होती. तिने लिहिलं, “कुलूप तोडायचा सीन एकदम झकास. पर चिंगी को कुछ हुआ ना, तो मैं लायब्ररी छोड दूंगी.” हस पल्लवी, हस. गावठाणातले आबा, त्यांनी लिहिलं, “ही चोरी नाय. आपली झोप आपन आनली, तिला चोरी कशाला बोलाचा?” आणि नानिकभाईंनी, ज्यांच्या दुकानातून या वह्या यायच्या, त्यांनी लिहिलं, “प्लॅन बराबर आहे. पण पाच पोरं सकाळपासून उपाशी आहेत. खाली पेट धंदा नाय होत.” पुढच्या वहीत पाचही पोरं डोंगर चढायच्या आधी पोटभर दालपकवान, नानिकभाईंच्या घरचा सिंधी नाश्ता, खातात. बाहेरगावच्या लेखकाला दालपकवान कुठून सुचलं, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. आम्ही आपले खूश. लेखक ऐकतो आपलं!

आता माझा अभिप्राय. तिसऱ्या वहीवरचा. पाठ आहे मला. “लेखक मोठ्या घरातला दिसतो. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या माणसाची झोप कशी असते, याची त्याला काडीची कल्पना नाही. आधी महिनाभर रात्रपाळी कर म्हणावं, मग लिही.”

ताईंनी तो माझ्यासमोर वाचला. चष्मा वर केला. म्हणाल्या, “बरं. लेखकाला कळवते.”

त्या दिवशी सकाळीच त्या नाइट ड्यूटी करून आल्या होत्या. मला माहीत होतं ते. सगळ्यांना माहीत होतं. त्यांचे डोळे लाल होते. आणि मी त्यांना वर ऐकवत होतो, “ताई, या लिहिणाऱ्या लोकांना आपलं दुःख नाही कळायचं.”

चौथी वही यायला वर्ष गेलं. त्यात चिंगी एक बरणी उघडते. पहारेकऱ्याची. मी जसं लक्षात आहे तसं सांगतो. ‘ती झोप पातळ होती. तिच्यात शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या होत्या. भंगारवाल्याची हाक होती. लाइट गेल्यावर थांबत जाणाऱ्या पंख्याची घरघर होती. आणि वर, डोळ्यांवर ठेवतात तशी, ओल्या रुमालाची घडी होती.’

ओल्या रुमालाची घडी. माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा मी पाहिलं होतं. सकाळी ड्यूटी संपली की ताई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायच्या. रुमाल नळाखाली धरायचा, पिळायचा, घडी करून डोळ्यांवर ठेवायचा. पाच मिनिटं. मग उठून घरी, स्वयंपाकाला.

मी वहीतून मान वर केली. ताई समोर एका पुस्तकाला खाकी कव्हर घालत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत कव्हराकडे पाहिलं. मी पान उलटलं.

होय मंडळी. बाहेरगावचा लेखक वगैरे कोणी नव्हता. ‘झोपेची तिजोरी’ गौतमीताईंनी लिहिली. त्यांच्या लेकीची, सुजाताची परवानगी घेऊन मी हे सांगतोय. ती म्हणाली, आई म्हणायची, नाव कळलं की लोक कौतुक करतील, खरं लिहिणार नाहीत. बघा ना. आम्ही इतकं खरं लिहिलं, की ताईंना त्यांचीच नोकरी शिकवली.

पुढचं ऐका. कबुली आता आहे.

पाचवी वही, शेवटची. गेल्या दिवाळीनंतर ताईंनी ती मला दिली. सगळ्यांच्या आधी मला. म्हणाल्या, “पहिले तुम्ही वाचा. आणि पटतं का ते सांगा.” ती वही मी घरी नेली आणि ट्रंकेत ठेवली. कोणत्या तोंडाने वाचू? कोणत्या तोंडाने लिहू? आज वाचू, उद्या वाचू. रविवार आला की त्या गल्लीने जायचंच टाळलं. आठ महिने. तुम्ही सगळे ताईंना विचारत होतात, पाचवी वही कोणाकडे अडकलीय? पल्लवी, तू तर भांडलीस त्यांच्याशी. त्या एवढंच म्हणायच्या, “बाहेर आहे. येईल.” माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

पाचवी वही माझ्याकडे होती.

ताई आजारी पडल्या तेव्हा मी भेटायला गेलो. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या सलाइनवर लक्ष ठेवलं, तिच्या हाताला सलाइन. मला म्हणाल्या, “वाचताय ना?” मी म्हटलं, “चालू आहे, ताई.” खोटं. चक्क खोटं. ट्रंक उघडलीसुद्धा नव्हती. त्या म्हणाल्या, “सावकाश वाचा. कामावरून आल्या आल्या वाचू नका, थोडं झोपून मग.” मला माझी लाज वाटते, मंडळी. अजून वाटते.

मंगळवारी त्या गेल्या. आपण सगळे पोहोचवून आलो. मी आंघोळ केली, भिंतीला टेकून बसलो आणि वही उघडली.

पोरांनी तिजोरी फोडलीय. चौघं बरण्या घेऊन डोंगर उतरतात. गावात एकेका दारात ज्याची त्याची झोप ठेवतात. सगळं गाव हळूहळू निजतं. बैल निजतात, झाडं निजतात, नदी कुशीवर वळते. पण तिजोरीचं दार विचित्र. ते मिटलं, तर सगळी झोप परत आत ओढली जाणार. कोणीतरी दार धरून उभं राहायलाच हवं. चिंगी उभी राहते. शेवटच्या ओळी वाचतो.

‘खालून सगळ्या गावाचा संथ श्वास ऐकू येत होता. चिंगीची बरणी समोरच्याच फळीवर होती. हात सोडला असता तर ती घेता आली असती. चिंगीने दार धरून ठेवलं.’

संपलं. पुढचं पान कोरं. वर फक्त एक शब्द, खाली रेघ मारलेला. अभिप्राय.

मी त्या कोऱ्या पानासमोर चार दिवस बसलो. लिहिता येईना. आपण कितीदा आजारी पडलो, कोणाची बाळंतपणं झाली, कोणाचे वडील गेले, आणि आपण थकून पेशंटच्या कॉटखाली आडवे झालो तेव्हा ही बाई जागी होती. तिने हे कधी बोलून दाखवलं नाही. एका पोरीच्या नावाने लिहून ठेवलं, आणि भित्र्या माणसाच्या हातात दिलं.

पल्लवी, पुढे ये. ही घे वही. तू वाच, मग आबांना दे, मग नानिकभाईंना. आणि येत्या रविवारपासून दुपारी त्या खोलीत मी बसणार आहे. मला रजिस्टर नीट लिहिता येत नाही, कव्हर घालता येत नाही. शिकेन. रात्रपाळी असली तरी बसेन.

आता सगळ्यांनी उभं राहूया. दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. त्याआधी माझा अभिप्राय, आज पहाटे त्या कोऱ्या पानावर लिहिलेला. उशीर झालाय, ताई, पण अक्षर तुम्ही ओळखाल.

शेवट पटला नाही. चिंगीने एकटीने किती वेळ उभं राहायचं? गौतमीताई, हात सोडा. दार आम्ही धरलंय. तुम्ही झोपा.