रामरावच्या हातातली आरती

सुभद्रा : फुकू नका जी! देवापुढचा दिवा तोंडानं इझवतात का कोणी?

रामराव : मंग काय करू? पेटलेली आरती घेऊन उभा हावो, अन् तू आता सांगून राहिली का पुंडलिक गेला.

सुभद्रा : मी तरी काय करू बाप्पा? अकोल्याहून करिश्माचा फोन आत्ताच आला. "काकू, बाबा गेले," म्हणली अन् रडूनच राहिली पोरगी.

नितेश : काका, लोकं खोळंबले. घंटा वाजवू का?

रामराव : थांब रे गुरवा! सख्खा भाऊ मेला तं आरती करता येते का?

नितेश : अरे देवा! नाई काका, सुतक लागते. ताट खाली ठेवा.

रामराव : अन् नातंच तोडलं असन तं? वावराच्या धुऱ्याचं भांडण झालं तवा याच मंदिरात, साऱ्याइसमोर बोललो होतो म्या. तू मेला तरी तुहं सुतक पाळणार नाई म्हणून.

नितेश : आता हे मले काय माईत? माहे बाबा असते तं सांगतलं असतं. ते गेले परतवाड्याले, फोन बी उचलून नाई राहिले.

सुभद्रा : ऐका तं. कोणाले माईत हाय फोन आला ते? वर्षानं मान आला आपला. करून टाका आरती. मंग म्हणू, फोन घरी गेल्यावर आला.

रामराव : अन् देवाले?

सुभद्रा : त्याले सारंच माईत असते. त्याले काय सांगा लागते!

रामराव : तसं नाई वं. आरती केली तं पुंडलिक माहा कोणीच नाई, असं होते. नाई केली तं माहा शब्द गेला. अन् त्यानं तरी काय ठेवलं? मायच्या मातीले आला, अन् घोटभर पाणी न घेता निंगून गेला.

सुभद्रा : मी तांब्या घेऊन उभीच होती. तुमी डोळे वटारले.

रामराव : म्या?

सुभद्रा : नाई तं काय म्या?

रामराव : डोस्कं बंद पडलं माहं. काईच समजून नाई राहिलं.

नितेश : काका, तूप सरत आलं. करता का नाई, एक काय ते सांगा.

(रामराव ताट ठेवायला वाकतो, पुन्हा सरळ होतो. ताटातल्या अक्षता खाली सांडतात.)

रामराव : सुभद्रे, पोरगी अजून काय बोलली?

सुभद्रा : अग्नी कोण देईन, म्हणे. भाऊ कुठं हाय तिले?

रामराव : मंग तू काय म्हणली?

सुभद्रा : काकाले इचारून सांगतो, म्हणलं.

रामराव : अवं, याच्यात इचाराचं काय हाय? लाव तिले फोन, म्हण, निंगालोच. नितेश, हे ताट ठेवलं खाली. तूच कर आजची आरती.

नितेश : अन् लोकाइले काय सांगू?

रामराव : सांग, माहा दादा गेला.