आजीबाईचं लक्ष

नाही हो, झोपलेली नाही ती — विचार करतेय. ती कोपऱ्यातली, वेणी चावतेय ती. हात मांडीवर आहेत म्हणून तुम्हाला तसं वाटलं, तुमच्या कॉम्प्युटरलाही तसंच वाटतं. बसा ना साहेब. तुम्ही कंपनीकडून आलात, मुलांना गणित शिकवणारं हे सॉफ्टवेअर तुमचं — चांगलं आहे, मी कुठे नाही म्हणते? एवढा मोठा वर्ग माझ्या एकटीच्या जिवावर, घसा तर केव्हाच बसलाय माझा. पण मुलं तुमच्याहून चलाख. ही पुढची रांग बघा, कशी टकाटक बटणं दाबतेय — गणितं सोडवतायत असं वाटतं ना? कसली गणितं, 'मदत' दाबतायत. एकदा दाबलं की इशारा, पुन्हा दाबलं की पुढचा, दाबतच राहिलं की शेवटी आयतं उत्तर. ते उतरवायचं, की हिरवी खूण. ही म्हणे प्रगत मुलं. मी ओरडते, नाही असं नाही, पण इकडे ओरडावं तर तिकडे टकटक सुरू — दमले मी.

आणि ही कोपऱ्यातली. अशी विचारात बसते म्हणून हिला आम्ही सगळे आजीबाई म्हणतो. ही मदत घेत नाही. गणित वाचते, मग वर पंख्याकडे बघत बसते, मनात मांडते, चुकलं की मनातच खोडते. पण दोन मिनिटं काही हललं नाही की तुमचं यंत्र म्हणतं, लक्ष नाही — लाल खूण, आणि गणित गायब. बिचारी अर्ध्या वाटेत. लाल खुणा साठल्या की खालचा गट, आणि खालच्या गटाला पुढच्या वर्षी बीजगणित नाही, नुसती बेरीज-वजाबाकी. त्या पोरीला. आज तुम्ही गट पक्के करायला आलात, म्हणून म्हटलं कानावर घालावं — ती दोन मिनिटं जरा वाढवता नाही का येत? वरच्या ऑफिसात ठरतं म्हणता? हं. सगळं वरच ठरतं.

काय? या महिन्यात तिला एकही लाल खूण नाही? मग झालंच की, सुधारली, असं म्हणताय तुम्ही? अहो, सुधारतेय कुठली, तशीच बसते. मी फिरता फिरता तिच्यामागे थांबते आणि माऊस जरासा हलवते, एवढंच. उत्तराला हात नाही लावत हं. तिला तर पत्ताही नसतो. यंत्राला वाटतं, जागी आहे. गुडघे बोलतात माझे, पण मारते फेऱ्या — शिकवायचं काम तुमच्या यंत्राने घेतलं, मला हे उरलं —

तुम्ही हे टाईप करताय? कशाला? आपण सहज बोलत होतो ना. म्हणजे तिचा हा महिना धरणारच नाही? अहो, पण हलवला मी, त्यात तिचं काय — माझ्या जिभेला काही हाड नाही. पुसा ना ते. पाठवलंत? इतक्यात?

बरं.

काल यंत्रावर तिच्या नावापुढे वरचा गट दिसला, आणि मीच तिला सांगितलं होतं, तू वरच्या गटात गेलीस म्हणून. दप्तर इथेच टाकून पळत गेली, आईला सांगायला.

नाही, तुम्ही नका सांगू. मी सांगेन. तुम्ही निघा आता — तास चालू आहे माझा.